दुसऱ्यांदा आलेल्या पोटफुगीविषयी : कुटुंबवैद्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील गावोगावचे, तालुक्यांचे आणि शहरी वस्त्यांमधले सर्व कुटुंबवैद्य,



अंडाशयाच्या कर्करोगाचे निदान बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात होते, म्हणजे रोग ओटीपोटाची हद्द ओलांडून वरच्या पोटात किंवा त्याहीपलीकडे पसरल्यावर होते, ही गोष्ट वैद्यकशास्त्र शिकलेल्या कोणालाही नवी नाही. या रोगाचे नाव निघाले की तो कसा चोरपावलांनी येतो, त्याला लक्षणेच कशी नसतात, हे ठरल्याप्रमाणे बोलले जाते आणि चर्चा तेथेच संपते. निदानाआधीचे सहा-आठ महिने ती स्त्री कोठे जात होती, कोणाला काय सांगत होती आणि तिला काय दिले जात होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. ती बहुधा आपल्याच दवाखान्यात येत होती. म्हणूनच हे पत्र मोठ्या रुग्णालयांतील कर्करोगतज्ज्ञांना नव्हे, तर आपल्याला उद्देशून आहे. घरातल्या चारही पिढ्यांना नावानिशी ओळखणारा, रात्री-अपरात्री दार उघडणारा आणि कित्येक गावांत एकमेव असलेला डॉक्टर म्हणजे कुटुंबवैद्य. त्याच्याविषयीचा आदर कायम ठेवूनच, काही तक्रारी आणि काही विनंत्या येथे मांडायच्या आहेत.

ग्लोबोकॅन या कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय अंदाजांच्या २०२२च्या आकड्यांनुसार भारतात एका वर्षात सुमारे ४७ हजार स्त्रियांना अंडाशयाचा कर्करोग झाला आणि सुमारे ३३ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. स्तन आणि गर्भाशयमुख यांच्यानंतर भारतीय स्त्रियांत याच कर्करोगाचा क्रमांक लागतो. रोग अंडाशयापुरता मर्यादित असताना उपचार झाले तर दहांपैकी नऊ स्त्रिया पाच वर्षांनंतरही हयात असतात. तो दूर पसरल्यावर हेच प्रमाण जेमतेम तीनवर येते, असे अमेरिकेतील नोंदी सांगतात. इतकी मोठी दरी ज्या रोगात आहे, त्या रोगाची पहिली तक्रार ज्याच्या कानावर पडते त्याची जबाबदारीही तेवढीच मोठी ठरते.

ही तक्रार पोटाचीच का असते, हे समजून घेण्यासाठी रोगाचा मार्ग पाहावा लागतो. अंडाशये ही गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना असलेली, बदामाएवढी इंद्रिये असून त्यांच्याभोवती पुष्कळ मोकळी जागा असल्यामुळे तेथील लहान गाठ कशावरही दाब आणत नाही. या रोगाचा सर्वाधिक आढळणारा आणि सर्वांत घातक प्रकार, ज्याला उच्च श्रेणीचा सिरस कर्करोग म्हणतात, तो पुष्कळदा खुद्द अंडाशयात सुरू न होता बीजवाहिनीच्या झालरीदार टोकात सुरू होतो, असे गेल्या दोन-अडीच दशकांच्या संशोधनातून पुढे आले आहे. हे टोक उदरपोकळीत उघडेच असते, त्यामुळे तेथून सुटलेल्या पेशींना रक्तवाहिनीची वाट धरावी लागत नाही. त्या थेट पोकळीत पडतात, पोटाच्या आतल्या अस्तरावर म्हणजे उदरावरणावर रुजतात, आतड्यांवरून लोंबणाऱ्या चरबीच्या पडद्यावर म्हणजे ओमेंटमवर रुजतात, आणि पोटातले पाणी शोषून घेणाऱ्या लसिकावाहिन्या बंद पाडतात. मग पोटात पाणी साठू लागते, ज्याला जलोदर म्हणतात. आतड्यांची हालचाल मंदावते, जठराला फुलायला जागा उरत नाही आणि मूत्राशयावर भार येतो. म्हणून रोग स्त्रीच्या जननेंद्रियांचा असला तरी तक्रार पचनाची आणि लघवीची असते, आणि अशी तक्रार घेऊन ती स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न जाता कुटुंबवैद्याकडे येते. यात तिची काहीच चूक नाही.

या रोगाला लक्षणे नसतात हा समज खोडून काढणारे पुरावेही आता जुने झाले आहेत. अमेरिकेतील सिएटल येथील डॉ. बार्बरा गॉफ यांनी हा रोग झालेल्या १,७२५ स्त्रियांची विचारपूस करून २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांतील ९५ टक्के स्त्रियांनी निदानापूर्वी लक्षणे होती असे सांगितले होते. सर्वाधिक लक्षणे पोटाची आणि पचनसंस्थेची होती. ओटीपोटाशी थेट संबंध असलेली लक्षणे जेमतेम चौथ्या हिश्श्याएवढ्या स्त्रियांत होती. निदानाला उशीर कशामुळे झाला, याचीही छाननी त्या अभ्यासात झाली. पहिल्या भेटीत ओटीपोटाची तपासणी न होणे, सुरुवातीला सोनोग्राफी किंवा रक्ताची चाचणी न होणे, आणि ‘काही नाही’, ‘ताण आहे’, ‘जठराला सूज आहे’ असे निदान होणे ही त्यांतली ठळक कारणे होती. इंग्लंडमधील डेव्हन परगण्यातल्या ३९ सामान्य दवाखान्यांच्या नोंदी तपासून डॉ. विल्यम हॅमिल्टन यांच्या गटाने २००९ साली दाखवून दिले की, अंडाशयाचा कर्करोग झालेल्या २१२ स्त्रियांपैकी ८५ टक्के स्त्रियांनी निदानापूर्वी किमान एक संबंधित लक्षण आपल्या डॉक्टरला सांगितले होते, आणि ते डॉक्टरच्या दप्तरात लिहिलेलेही होते. बाई बोलली होती आणि डॉक्टरने लिहूनही घेतले होते, तरीही रोगापर्यंत कोणी पोहोचले नव्हते.

येथे आपल्याकडून एक रास्त आक्षेप येईल, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. दवाखान्यात दररोज येणाऱ्या रुग्णांपैकी किती तरी जणींचे पोट फुगलेले असते, अपचन असते, लघवीला जळजळ असते. त्या सगळ्यांना कर्करोगाच्या चाचण्यांना पाठवले तर दवाखाना चालणार कसा आणि त्या गरीब बायकांनी पैसे आणायचे कोठून? हॅमिल्टन यांच्याच अभ्यासात पोटाचा घेर टिकून वाढलेला असण्याला सर्वाधिक महत्त्व आढळले, तरीही अशा शंभर स्त्रियांमागे दोन-तीनच स्त्रियांना हा कर्करोग होता. इतर लक्षणांच्या बाबतीत तर शंभरांत एकही नव्हती. म्हणजे एकटे लक्षण पुरेसे नाही हे खरेच आहे. मात्र या रोगात लक्षण कोणते यापेक्षा ते नवे आहे का, वारंवार येते का आणि जायचे नाव घेत नाही का, या तीन गोष्टींना अधिक अर्थ आहे. गॉफ यांनी २००७ साली मांडलेल्या लक्षण-निर्देशांकात तीनच प्रकारच्या तक्रारी आहेत: पोट किंवा ओटीपोट दुखणे, पोट फुगणे किंवा पोटाचा आकार वाढणे, आणि थोडे खाल्ले की पोट भरणे. यांपैकी एखादी तक्रार गेल्या वर्षभरातच सुरू झालेली असेल आणि महिन्यातून बारापेक्षा अधिक दिवस होत असेल, तर तपासणी करावी, असे तो निर्देशांक सांगतो. ब्रिटनमधील नाइस या मार्गदर्शक संस्थेने एप्रिल २०११ मध्ये सामान्य डॉक्टरांसाठी जी सूचना काढली तिचाही गाभा हाच आहे, तिच्यात लघवीला सारखी किंवा घाईने लागणे ही तक्रारही धरली आहे, आणि आणखी एक वाक्य आहे जे प्रत्येक दवाखान्यात लावण्याजोगे आहे: पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेल्या आतड्यांच्या तक्रारींना केवळ संवेदनशील आतड्याचा विकार समजू नये, कारण तो विकार त्या वयात नव्याने क्वचितच सुरू होतो.

महिन्यातले बारा दिवस मोजून सांगणारी बाई आपल्याकडे येणार नाही. ती ‘पोट डब्ब झालंय’ म्हणेल, ‘तडस लागल्यासारखं होतं’ म्हणेल, ‘दोन घास खाल्ले की नको होतं’ म्हणेल, ‘कंबर भरून येते’ म्हणेल, आणि बहुतेक वेळा हे सगळे सांगून झाल्यावर ‘गॅसच असेल, एखादी गोळी द्या’ असा उपायही स्वतःच सुचवेल. आजार अंगावर काढण्याची सवय लागलेल्या बायका तक्रार नेहमी कमी करूनच सांगतात, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? म्हणून दिवस मोजायला सांगण्याऐवजी आठवड्याचा हिशेब विचारावा: गेल्या आठवड्यात असा त्रास किती दिवस झाला, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात किती? सुरुवात केव्हापासून, याचे उत्तर तारखेत मिळत नाही, पण गणपतीत होता का, दिवाळीचा फराळ नेहमीसारखा खाता आला का, असे विचारले की नेमका महिना मिळतो. आणखी एक प्रश्न फार मोलाचा आहे: परकराची नाडी पूर्वीच्याच जागी बांधता येते का? हात-गळा वाळत चालले आहेत, ब्लाउज खांद्यावर सैल झाला आहे आणि परकर मात्र कमरेला घट्ट होतो आहे, हे एका वाक्यात कळले तर ते लठ्ठपणाचे वर्णन नव्हे, हे ओळखायला कोणत्याही यंत्राची गरज नाही. डीएनएच्या रचनेचा छडा लावण्यात मोलाचा वाटा असलेल्या रोझलिंड फ्रँकलिन यांना १९५६ साली आपल्या आजाराची पहिली जाणीव स्कर्ट कमरेला बसेना तेव्हाच झाली होती. त्या वेळी त्या ३६ वर्षांच्या होत्या, आणि १९५८ साली अंडाशयाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांचे वय येथे मुद्दाम दिले आहे, कारण पन्नाशीची अट ही संशय वाढवण्यासाठी आहे, तरुण स्त्रीला वगळण्यासाठी नव्हे.

यानंतरची तक्रार तपासणीच्या टेबलाविषयी आहे. कित्येक दवाखान्यांत या टेबलावर औषधांचे खोके आणि नमुन्यांच्या पिशव्या रचलेल्या असतात आणि रुग्ण स्टुलावर बसल्या-बसल्याच तपासला जातो. बसलेल्या रुग्णाचे पोट तपासता येत नाही. स्त्रीला उताणे झोपवून बेंबीपासून कुशीकडे बोटांनी ठोकत गेले असता वरचा पोकळ आवाज कुशीकडे बद्द होत असेल, आणि तिला कुशीवर वळवून अर्धा-एक मिनिट थांबल्यावर तो बद्द आवाज जागा बदलत असेल, तर पोटात पाणी आहे, हे पहिल्या वर्षी रुग्णशय्येशी उभ्या राहिलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवलेले असते. त्याला दोन मिनिटे लागतात. बेंबीजवळ कडक, अनियमित गाठ हाताला लागणे किंवा ओटीपोटातून वर आलेला गोळा लागणे हेही त्याच दोन मिनिटांत कळते, आणि असे पाणी किंवा गोळा आढळल्यास कोणत्याही रक्तचाचणीची वाट न पाहता तज्ज्ञाकडे तातडीने पाठवावे, असेच नाइसची सूचनाही सांगते. योनिमार्गाची तपासणी बहुतेक दवाखान्यांत शक्य नसते, आडोसा नसतो, सोबतीला परिचारिका नसते, ही अडचण खरी आहे. पण म्हणून पोटावर हातही ठेवू नये, असे नाही. पुरुष डॉक्टरला संकोच वाटत असेल तर बरोबर आलेल्या सुनेला किंवा बहिणीला आत थांबवून घ्यावे.

यापुढची तक्रार सर्वांत गंभीर आहे, म्हणून तिच्यावर अधिक वेळ घालवणे भाग आहे. भारतात पोटात पाणी झाले की पहिला संशय क्षयरोगाचा येतो, आणि येथील क्षयरोगाचे प्रमाण पाहता तो येणे साहजिकही आहे. पोटाच्या क्षयात पाणी साठते, वजन घटते, भूक जाते, उदरावरण जाड दिसते आणि सीए-१२५ हे रक्तातले प्रथिन कित्येकशे एककांपर्यंत चढू शकते. म्हणजे अंडाशयाच्या पसरलेल्या कर्करोगाचे हुबेहूब चित्र उभे राहते. हे साम्य दोन्ही बाजूंनी फसवते. क्षयरोग असलेल्या तरुण स्त्रीची कर्करोग समजून मोठी शस्त्रक्रिया होणे जितके वाईट, तितकेच कर्करोग असलेल्या स्त्रीला कोणत्याही पुराव्याविना एकेटी म्हणजे क्षयविरोधी औषधे सुरू करून ‘दोन महिन्यांनी दाखवा’ म्हणणे वाईट, कारण त्या दोन महिन्यांत रोग थांबत नाही आणि स्त्रीची शस्त्रक्रिया सहन करण्याची ताकद मात्र ओसरत जाते. पोटातले पाणी काढून त्यातील पेशींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करणे, क्षयात वाढणाऱ्या एडीए या विकराची पातळी पाहणे, आणि शंका उरल्यास उदरावरणाचा किंवा ओमेंटमचा तुकडा तपासणे, ही वाट जिल्ह्याच्या ठिकाणी आज उपलब्ध आहे. पुराव्याविना एकेटी सुरू करू नये, आणि सुरू झालीच असेल तर सुधारणा होते आहे की नाही याचा निकाल महिनोन्‌महिने पुढे ढकलू नये, ही या पत्रातली सर्वांत कळकळीची विनंती आहे.

महाराष्ट्रात या रोगाच्या निदानाला आणखी एक अडथळा आहे, आणि तो वैद्यकीय व्यवसायानेच निर्माण केलेला आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि सर्वेक्षण झालेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले असल्याचे समोर आले. त्या शस्त्रक्रियांच्या योग्यायोग्यतेची चर्चा पुष्कळ झाली. पण ‘पिशवी काढली, आता खालचा काही आजार नाही’ हा जो समज त्यातून हजारो घरांत रुजला, त्याची चर्चा झाली नाही. गर्भाशय काढताना अंडाशये ठेवली जाऊ शकतात, एकच काढले जाऊ शकते किंवा दोन्ही काढली जाऊ शकतात, आणि ती ठेवलेली असतील तर कर्करोगाची शक्यताही राहते. अशी स्त्री पोटफुगी घेऊन आली की डॉक्टरच्या मनातही ‘हिची पिशवी काढलेली आहे’ एवढ्यावरच हा विषय मिटतो, असे होता कामा नये. तिचे डिस्चार्ज कार्ड मागवून पाहावे; त्यावर अंडाशयांचा उल्लेख नसेल, आणि पुष्कळदा तो नसतोच, तर ती आहेत असे धरून चालावे. शस्त्रक्रिया करणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांनाही येथेच विनंती आहे की, काय काढले आणि काय ठेवले हे त्या कार्डावर मराठीत, रुग्णाला वाचता येईल असे लिहावे. गर्भाशय काढतेवेळी बीजवाहिन्याही काढल्या तर पुढचा धोका घटतो, या विचाराने कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१०पासून तशी पद्धतशीर मोहीम चालवली गेली आहे. ज्या स्त्रीला शस्त्रक्रिया खरोखरच लागणार आहे तिच्याशी या पर्यायाबद्दल बोलावे, मात्र त्याचे निमित्त करून नवी शस्त्रक्रिया उभी करू नये.

तपासणी शिबिरांतूनही असाच खोटा दिलासा मिळतो. राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढील स्त्रियांची मुख, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी तपासणी होते. पॅप स्मिअर किंवा व्हिनेगर लावून केलेली गर्भाशयमुखाची तपासणी अंडाशयाविषयी काहीही सांगत नाही. ‘मागच्या वर्षी शिबिरात सगळं तपासलं’ असे म्हणणाऱ्या बाईला हा फरक समजावून सांगणे आपल्याशिवाय कोणाला जमणार नाही.

याच्या अगदी उलट टोकाचीही चूक होते आहे. कोणतीही तक्रार नसलेल्या स्त्रियांच्या आरोग्य-तपासणी पॅकेजांत सीए-१२५ टाकण्याची पद्धत शहरांतल्या प्रयोगशाळांनी सुरू केली आहे, आणि तिला आपली संमती असू नये. ब्रिटनमध्ये २,०२,६३८ स्त्रियांवर दोन दशके चाललेल्या यूकेसीटॉक्स या चाचणीचा अंतिम निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला, आणि लक्षणे नसताना दरवर्षी रक्तचाचणी किंवा सोनोग्राफी करून या रोगाचे मृत्यू कमी झाले नाहीत, असे त्यात दिसले. अमेरिकेतील अशाच मोठ्या चाचणीत तर खोट्या संशयापोटी हजाराहून अधिक स्त्रियांच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतील अनेकींना गंभीर गुंतागुंत भोगावी लागली. मासिक पाळी, गर्भारपण, एंडोमेट्रिओसिस, यकृताचे आजार अशा कितीतरी कारणांनी सीए-१२५ वाढते, आणि पहिल्या टप्प्यातल्या जवळजवळ निम्म्या कर्करोगांत ते वाढतही नाही. तक्रार असलेल्या स्त्रीसाठी ही चाचणी उपयोगाची आहे. तक्रार नसलेल्या स्त्रीला ती बहुधा भीतीच देते.

तक्रार असलेल्या स्त्रीच्या बाबतीत नेमके काय करावे, याची वाट फार लांबलचक नाही. नवी आणि वारंवार होणारी तक्रार असेल तर सीए-१२५ करावे, आणि ते ३५ एककांवर आले तर पोट व ओटीपोटाची सोनोग्राफी करावी, असा नाइसचा क्रम आहे. मात्र आपल्याकडे बाईला तालुक्याला दोनदा खेटे घालायला लावण्यापेक्षा एकाच दिवशी दोन्ही करून घेणे शहाणपणाचे ठरेल. सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर नुसते ‘पोटदुखी’ असे लिहू नये. ‘पाळी गेलेली, तीन महिने पोटफुगी, दोन्ही अंडाशये आणि पोटातले पाणी पाहावे’ असे लिहिले तर तपासणाऱ्याची नजर तेथे जाते. अहवालात ‘अंडाशये दिसली नाहीत’ असे असेल तर त्याचा अर्थ ती निरोगी आहेत असा होत नाही. दोन्ही चाचण्यांचा एकत्रित अर्थ लावण्यासाठी इयान जेकब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली एक साधा गुणाकार दिला आहे, ज्याला मॅलिग्नन्सीच्या जोखमीचा निर्देशांक म्हणतात. गाठीत अनेक कप्पे असणे, घन भाग असणे, गाठी दोन्ही बाजूंना असणे, पोटात पाणी असणे आणि रोग इतरत्र पसरलेला दिसणे या पाच खुणांपैकी एक असेल तर १ आणि दोन किंवा अधिक असतील तर ३ गुण द्यायचे. पाळी चालू असेल तर १ आणि गेलेली असेल तर ३. आणि या दोहोंना सीए-१२५च्या आकड्याने गुणायचे. समजा, ५८ वर्षांच्या स्त्रीच्या गाठीत घन भाग आहे, पोटात पाणी आहे आणि सीए-१२५ ९० आहे, तर ३ गुणिले ३ गुणिले ९० म्हणजे ८१० हा आकडा येतो. मूळ मर्यादा २०० आहे आणि नाइसने ती २५० धरली आहे. नुसते ९० पाहून ‘थोडेसे वाढले आहे’ म्हणणारा डॉक्टर हा गुणाकार केल्यावर तसे म्हणणार नाही. चाचण्या सामान्य आल्या तरी प्रकरण मिटले असे न समजता, तक्रार टिकली तर महिन्याभरात परत यावे, असे स्पष्ट सांगून ते केसपेपरवर लिहावे.

संशय पक्का झाल्यावर ओळखीच्या नर्सिंग होममध्ये ‘गाठ काढून टाकू, मग पाहू’ हा मार्ग पुष्कळदा घेतला जातो, आणि त्यामागे रुग्णाचा खर्च व दगदग वाचवण्याचा सद्‌हेतूही असतो. परंतु अंडाशयापुरती मर्यादित असलेली कर्करोगाची गाठ काढताना फुटली तर रोगाचा टप्पाच बदलतो, आणि पसरलेल्या रोगात पहिल्या शस्त्रक्रियेत डोळ्यांना दिसणारा सगळा रोग निघाला की नाही, यावर पुढचे आयुष्य मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. ही शस्त्रक्रिया स्त्रियांच्या कर्करोगाचे विशेष प्रशिक्षण घेतलेल्या शल्यविशारदाकडेच व्हायला हवी. संशयास्पद गाठीत सुई घालून पाणी काढण्याचा मोह तर कोणीही करू नये. परळच्या टाटा रुग्णालयाचे नाव काढले की नातेवाइकांच्या मनात मुंबईतला मुक्काम आणि खर्च उभा राहतो, हे खरे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी बसतात, आणि जवळचे कोणते रुग्णालय त्या योजनेत आहे हे आपल्याकडे लिहून ठेवलेले असेल तर त्यांचे पाऊल लवकर उचलले जाईल.

घरातल्या इतिहासाबद्दलही थोडे सांगणे आवश्यक आहे. बीआरसीए-१ या जनुकात दोष असलेल्या स्त्रीला ऐंशीव्या वर्षापर्यंत हा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के आणि बीआरसीए-२मध्ये दोष असल्यास सुमारे १७ टक्के असते. हा दोष आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही येतो. म्हणून आजी आणि मावशी यांच्याइतकीच आत्याची चौकशी करावी, जी बहुधा केलीच जात नाही. एखाद्या घरात अंडाशयाच्या कर्करोगाचे निदान झाले तर त्या स्त्रीची जनुकचाचणी व्हावी, कारण तिच्या औषधांची निवडही त्यावर ठरू शकते आणि तिच्या मुली-बहिणींना वेळीच सावध करता येते.

लक्षणे ओळखून लगेच पाठवल्याने सगळ्या स्त्रिया वाचतील, असा दावा करणे खोटे ठरेल, कारण या रोगाचा घातक प्रकार फार झपाट्याने पसरतो. तरीही ब्रिटनमधील रॉकेट्स अभ्यासाने २०२४ साली जे दाखवले ते आशादायक आहे: लक्षणांच्या आधारे जलद मार्गाने पाठवलेल्या आणि उच्च श्रेणीचा सिरस कर्करोग निघालेल्या स्त्रियांपैकी सुमारे चौथा हिस्सा पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात होता, आणि दहांपैकी सहा जणींच्या बाबतीत दिसणारा सगळा रोग शस्त्रक्रियेने काढता आला. बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तेथील आरोग्यसेवकांनी गावोगाव फिरून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लक्षणे समजावून सांगितल्यावर, कोणत्याही यंत्राविना, त्या रोगाचे निदान आधीच्या टप्प्यात होऊ लागल्याची नोंद आहे. अंडाशयाचा रोग त्याहून अवघड आहे, परंतु सोलापूर जिल्ह्यातल्या खेड्यांत जे लक्षणे ऐकून आणि वेळीच पाठवून साधले, ते अशक्य कोटीतले समजण्याचे कारण नाही.

शेवटची विनंती इंडियन मेडिकल असोसिएशन आणि नॅशनल इंटिग्रेटेड मेडिकल असोसिएशन यांच्या तालुका शाखांना आहे, कारण ग्रामीण महाराष्ट्रात या तक्रारी ऐकणाऱ्यांत आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे पदवीधर मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांना या चर्चेबाहेर ठेवून काहीच साधणार नाही. मासिक सभेत मधुमेह आणि रक्तदाबाच्या नव्या गोळ्यांवर व्याख्याने होतात. येत्या वर्षात एक सभा पोटफुगीची तक्रार घेऊन दुसऱ्यांदा आलेल्या चाळिशीपुढच्या स्त्रीवर ठेवावी, त्या सभेला जिल्ह्यातल्या कर्करोगतज्ज्ञाला बोलवावे, आणि आपापल्या तालुक्यातून पाठवलेल्या प्रत्येक स्त्रीच्या निदानाचे पत्र पाठवणाऱ्या डॉक्टरकडे परत यावे, अशी मागणी त्याच सभेत रुग्णालयांकडे लेखी करावी. ज्या डॉक्टरला आपल्या रुग्णाचे पुढे काय झाले हे कधी कळतच नाही, त्याने आपली तपासणी सुधारावी तरी कशी? पुढच्या वेळी एखादी बाई गॅसची तीच गोळी मागायला परत येईल, तेव्हा ती देण्याआधी टेबलावरचे खोके बाजूला व्हावेत आणि तिला झोपवून पोट पाहिले जावे, एवढे तर कोणत्याही ठरावाशिवाय उद्यापासूनच होऊ शकते.



आपली नम्र,
एक आरोग्यलेखिका